देवीपुढे रुपयाचं गाऱ्हाणं

रुपया मजबूत झाला आणि माझं माहेर तुटलं.

शेजारच्या बाईंना मी हे असं एका वाक्यात सांगितलं, तेव्हा त्या आधी घरात जाऊन पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बसा जरा. तेव्हापासून ही हकिकत मी पहिल्यापासून सांगते.

दोन हजार सात साल होतं. आम्ही रत्नागिरीत, मांडवीला भाड्याच्या घरात राहत होतो. मी हायस्कुलात इतिहास शिकवायची आणि हे कोर्टात कारकून होते. कोर्टात आयुष्य गेल्यामुळे ह्यांना घरातल्या कुठल्याही प्रश्नावर निकाल देता येत नसे, फक्त पुढची तारीख देता येत असे. (आमच्या लग्नाचं ठरवतानासुद्धा ह्यांनी दोनदा मुदत मागून घेतली होती.) त्यामुळे निर्णय घेणं माझ्याकडे आणि तो चुकला की सुस्कारा टाकणं ह्यांच्याकडे, अशी आमची सोयीची वाटणी होती.

त्याच्या आदल्या वर्षी गावातल्या एका सभागृहात महिलांसाठी गुंतवणुकीचं शिबिर झालं. मी गेले ती तिथे फुकट मिळणाऱ्या फाइलसाठी आणि परत आले ती शेअर बाजारातली तज्ज्ञ होऊन. मारुती मंदिराजवळ चपलांच्या एका दुकानाच्या वर साठे नावाचे गृहस्थ शेअरची खरेदी-विक्री करून देत. त्यांच्याकडे मी खातं उघडलं, घर बांधायला म्हणून पतपेढीत ठेवलेले पैसे काढले आणि शेअर घेतले. ते भराभर वाढायला लागले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत कुणीही काहीही घेतलं तरी वाढत होतं. साठ्यांच्या खालच्या दुकानातल्या चपला घेऊन ठेवल्या असत्या तरी त्याही वाढल्या असत्या. पण मला वाटलं, हे सगळं माझ्या बुद्धीमुळे चाललंय. नवऱ्यालाही तसंच वाटावं म्हणून मी रोज जेवताना प्रयत्न करत असे.

बाजार का चढतोय ते साठ्यांनी मला एकदा नीट समजावून दिलं होतं. परदेशी गुंतवणूकदार डॉलर घेऊन येतात. इथल्या बाजारात डॉलर चालत नाहीत, म्हणून ते डॉलर विकून रुपये घेतात. सगळेच रुपये मागायला लागले की रुपया वधारतो. मग त्याच रुपयांनी ते शेअर घेतात, की शेअर वधारतात. आणि परत जाताना मजबूत रुपयाचे डॉलर जास्त मिळतात, म्हणजे त्यांना दोन्हीकडून लाभ. ते पाहून आणखी परदेशी येतात. हे मी ह्यांना चाकरमान्यांचं उदाहरण देऊन सांगितलं. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की इथल्या बाजारात सगळ्याचेच भाव चढतात ना, तसं. हे भात कालवता कालवता म्हणाले, "आणि गौरी-गणपती गेले की?"

मी म्हटलं, हे चाकरमानी परत जाणारे नाहीत. (शाळेत मी तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी शिकवत होते. परदेशी व्यापारी आले म्हणून हरखून गेलेली इतिहासाची बाई आमच्या मुख्याध्यापकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.)

आता दादा. माझा थोरला भाऊ. आमच्या माहेरच्या गावी, पावसच्या वाटेवर, त्याचा आंब्याचा गर डबाबंद करायचा छोटा कारखाना होता. बाबांनी बांधलेली शेड, बाबांनीच आणलेला बॉयलर आणि हंगामात गर काढायला येणाऱ्या गावातल्या बायका. आंबा रुपयांत घ्यायचा, डबे रुपयांत, मजुरी रुपयांत, आणि माल दुबईला डॉलरमध्ये विकायचा. सौदा शिमग्याच्या सुमाराला ठरे आणि पैसे यायला दिवाळी उजाडे. त्या वर्षी सौदा ठरला तेव्हा एका डॉलरचे चव्वेचाळीसच्या आसपास रुपये येत होते. पैसे आले तेव्हा चाळीससुद्धा येईनात. आंबा हापूसच होता, गर तोच होता, डबे तेवढेच होते. मधल्यामध्ये रुपया तेवढा अंगानं भरला आणि दादाचा नफा खाऊन बसला.

थोडक्यात, ज्या कारणानं माझं वर जात होतं त्याच कारणानं दादाचं खाली जात होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण आपल्या भावाच्या घरात हे चाललंय असं काही डोक्यात येत नव्हतं. डोक्यात जागाच नव्हती. तिथे सेन्सेक्स होता.

सेन्सेक्सनं वीस हजारांचा आकडा गाठला त्या दिवशी मी पेढे आणले. शाळेत वाटले, साठ्यांकडे वाटले आणि एक पुडा गावाकडे जाणाऱ्या एस्टीच्या कंडक्टरबरोबर माहेरी पाठवला. वर दादाला फोन करून सांगितलं, रुपया मजबूत झाल्याबद्दल आहेत रे! त्यानं फोन खाली ठेवला, आणि मला वाटलं लाइन गेली. दुबईच्या मालाचे पैसे त्याच दिवशी त्याच्या बँकेत जमा झाले होते, हे मला मागाहून समजलं.

दुसऱ्या दिवशी तोच पुडा त्याच कंडक्टरबरोबर परत आला. आमच्याकडे काही परत पाठवायचं तर नुसतं पाठवत नाहीत, सोबत काहीतरी देतात. वहिनीनं गराचा एक मोठा डबा दिला होता आणि निरोपही. "वन्संना म्हणावं, परदेशी पाठवून परवडत नाही, तेव्हा आता तुम्हीच खा." कंडक्टरनं तो निरोप मला स्टँडवर, चांगल्या खणखणीत आवाजात, गाडीतल्या सगळ्या उतारूंच्या समक्ष पोचवला. त्यानंतर माहेरचा फोन आला नाही. मीही केला नाही.

भाऊबीजेला दादा आला, कारण भाऊबीजेला यावंच लागतं. पाटावर बसला, ओवाळून घेतलं आणि ताटात एका डॉलरची नोट ठेवली. "ठेव," म्हणाला, "आता हिला काही किंमत राहिली नाही." आणि उठून गेला. मला इतका राग आला की ती नोट मी ह्यांच्या अंगावर फेकली. ह्यांनी ती उचलून, नीट घडी करून, खिशात ठेवली आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात बोलू.

सगळ्यात पंचाईत आईची. ती दादाकडे राहायची. बातम्यांत रुपया वधारला असं ऐकलं की आता खूश व्हायचं की डोळ्यांना पदर लावायचा, हे तिला ठरवता येईना. एक लेकरू हसलं की दुसरं रडणार, हे नक्की. शेवटी तिनं बातम्या ऐकणंच बंद केलं. ती गुपचूप ह्यांच्या कोर्टात फोन करून आमची खुशाली विचारी, आणि एकदा तिनं सांगितलं, दादा पुढचा हंगाम करणार नाही म्हणतो. कारखाना बंद करणार. हे ऐकून मला वाईट वाटलं. पण दादाचा राग त्याहून जास्त आला. रुपया मी थोडाच वर चढवला होता? अमेरिकेतल्या माणसांनी चढवला आणि हा त्रागा माझ्यावर!

अशात देवदिवाळी आली. आमच्या माहेरच्या गावी देवदिवाळीला सगळा गाव देवळात जमतो. गुरव देवीपुढे उभा राहून गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो, म्हणजे ज्याचं जे काही मागणं असेल ते मोठ्यानं देवीच्या कानावर घालतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. (देवी असली तरी म्हाराजाच. आमच्या गावात तिच्या अधिकाराबद्दल कुणाला शंका नाही.) कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या म्हशीला आराम, कुणाच्या बागेला मोहोर. ज्याला खास काही मागायचं असेल त्यानं ते आधी गुरवाच्या कानात सांगून ठेवायचं.

मी ह्यांना घेऊन सकाळीच गावी गेले आणि नानू गुरवाला बाजूला घेतलं. म्हटलं, नानूकाका, परदेशातला पैसा येत राहू दे आणि रुपयाला बळ मिळू दे, एवढंच घाला. त्यांनी मान डोलावली. रुपयाला बळ हवं, यात कुणाला गैर वाटणार? माझ्याआधी दादा येऊन त्यांच्याशी बोलून गेला होता, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

देऊळ भरलं. नानूकाकांनी हात जोडले आणि चढ्या आवाजात सुरुवात केली. पाऊसपाणी झालं, आजारपणं झाली, लग्नं झाली आणि मग माझ्याकडे वळले.

"बा आई म्हाराजा, ही आपली शैलाताय, माहेरवाशीण. हिच्या रुपयाला बळ दे म्हाराजा, रुपया वर चढत जाऊ दे म्हाराजा, साता समुद्रापलीकडचा पैसा हिच्या दारात येऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ गरजलं. दादानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी देवीकडे पाहिलं.

"आणि हे आपले कारखानवाले दादा. त्यांचा कारखाना चालता ठेव म्हाराजा, रुपया खाली येऊ दे म्हाराजा, डालर वर चढू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्याच जोरात. गावाला काय, गावानं दोन्हीला होकार देऊन टाकला होता. पुढच्या म्हशीचं गाऱ्हाणं सुरू होणार एवढ्यात मी म्हटलं, थांबा, हे कसं चालेल? माझं आधी झालंय. दादा म्हणाला, तू सासरची, मी इथला, देवळाची वर्गणी मी भरतो. मी म्हटलं, देवीला वर्गणी बघून प्रसन्न होताना मी पाहिलेलं नाही. म्हशीचा मालक म्हणाला, तुमचं होईपर्यंत माझं घेता का?

मग गावातल्या जाणत्यांना रुपयाचं नेमकं काय दुखतंय ते समजून घ्यायचं होतं. मी देवीकडे पाठ होणार नाही अशा बेतानं उभी राहून परदेशी गुंतवणूक समजावून सांगितली. दादानं निर्यात समजावून सांगितली. बघता बघता देवळात दोन बाजू पडल्या. ज्यांची मुलं मुंबईत होती आणि चार शेअर बाळगून होती ते माझ्या बाजूला आले. दादाच्या कारखान्यात गर काढणाऱ्या सगळ्या बायका त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक मला म्हणाली, "ताय, कारखाना गेला तर चैत-वैशाखात आमी काय करायचा?" साठ्यांनी तेवढं शिकवलं नव्हतं.

नानूकाकांनी कपाळाला हात लावला. "येक काय ता ठरवा. देवीनं तरी कुणाचा आयकायचा?"

शेवटी ठरलं, कौल लावायचा. म्हणजे देवीच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे एकेक ओली कळी चिकटवायची आणि वाट बघायची. आधी उजवी पडली तर रुपया वर, डावी पडली तर खाली. कळ्या लागल्या. मुंबई-दिल्लीतले मोठमोठे साहेब ज्या प्रश्नावर डोकं खाजवत होते तो प्रश्न आमच्या गावात आता निकाली निघणार होता. देवळात चिटपाखरू हलेना. कळ्याही हलेनात.

आम्ही बसलो. महाप्रसादाची काळ्या वाटाण्याची उसळ निवायला लागली. मुलं चुळबुळायला लागली. कुणीतरी पंख्याचं बटण दाबायला निघालं तर त्याला दोन्ही पक्षांनी अडवलं. नानूकाका म्हणाले, देवी विचारात पडलीय. मला तिच्याबद्दल सहानुभूती वाटायला लागली. शेवटी जाणत्यांनी ठरवलं, जेवून घ्यावं. देवीला घाई नसली तरी पोटाला आहे.

पंगत बसली. दादा मात्र खांबाला टेकून तसाच बसून राहिला. देवळातल्या वाटाण्याच्या उसळीसाठी हा माणूस एकदा तापात उठून आला होता. मी खिरीचा द्रोण घेऊन त्याच्याकडे गेले. प्रेमानं नव्हे, बसून भांडता यावं म्हणून. त्यानं द्रोण घेतला आणि बाजूला ठेवून दिला.

"भूक नाही गो," तो म्हणाला. "परवा भंगारवाला येतोय. बॉयलर बघायला."

एवढंच. त्यात माझ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तो बॉयलर आला तेव्हा आम्ही दोघं किती लहान होतो आणि बाबांनी त्याला हार घातला होता, हे मला एकदम आठवलं. मी काही बोलणार त्याआधी दादा उठला, गाभाऱ्याशी गेला आणि नानूकाकांना म्हणाला, "माझं गाऱ्हाणं मागे घ्या. तिचं राहू दे. तिला घर बांधायचंय."

मला रडू फुटलं. नुसतं डोळे भरून येणं नव्हे. हायस्कूलच्या बाईंना शोभणार नाही असं. महिनाभर ज्याच्याशी मी अबोला धरला होता तो माणूस माझ्या घरासाठी स्वतःचं मागणं परत घेत होता, आणि मी त्याला पेढे पाठवले होते. मी तशीच, हुंदके देत, गाभाऱ्याशी गेले आणि म्हटलं, माझंही मागे घ्या.

नानूकाका भडकले. "ह्यो काय बाजार हाय? घातल्याला गाऱ्हाना परत घेता येत न्हाय!"

आणि तेवढ्यात दोन्ही कळ्या एकदम पडल्या.

एकदम. पाणी वाळलं असेल, पंगतीच्या गडबडीत वारा लागला असेल, काय असेल ते असो. नानूकाकांनी एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. "घ्या," म्हणाले. "आई म्हणते, तुमचा तुमी बगा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पानावर बसले होते. मी म्हटलं, शेअर विकून ते पैसे दादाच्या हंगामात घातले तर? मला वाटलं, आता पुढच्या आठवड्याची तारीख मिळणार. पण ह्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि संसारातला पहिला निकाल दिला. "विकून टाक." मग तोच घास उचलून खाल्ला.

तर अशी मी दादाच्या कारखान्यात भागीदार झाले. त्यानं खूप नाही म्हटलं. पण मी रडायची थांबत नव्हते, आणि वहिनी म्हणाली, हो म्हणा म्हणजे ह्या गप्प होतील.

शेअर विकणं मात्र सोपं नव्हतं. सोमवारी साठ्यांकडे गेले तर वीज गेलेली. दुपारी गेले तर वीज आलेली पण इंटरनेट गेलेलं. दोन्ही आलं तेव्हा साठे स्वतः अडून बसले. परदेशी लोक पैसा ओतत असताना विकायचं म्हणजे काय, त्यांना समजेना. कारण विचारलं. मी म्हटलं, देवदिवाळी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बटण दाबलं. निघताना त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडलं, आजारी माणसाला सोडतात तसं.

आणि मी विकल्यावर बाजार चढतच राहिला. काही केल्या थांबेना. मी रोज ठरवत असे की आज बघायचं नाही, आणि रोज बघत असे. मी विकलेल्या एकेका शेअरचा वाढलेला भाव मी वहीच्या मागच्या पानावर मांडत बसे. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी सगळे हलक्या आवाजात बोलायला लागले. गणिताच्या सरांनी त्यांचे शेअर वाढल्याबद्दल मला पेढा दिला तेव्हा वहिनीनं तो पुडा परत का पाठवला ते मला नीट कळलं. मी दादाला फोन करून सांगत असे की तुझ्या बॉयलरनं माझी एक खोली खाल्ली, आज दुसरी खाल्ली, आता अंगणावर आलाय. दादा शांतपणे म्हणे, घे मग परत. मी म्हणे, घालते तुझ्या डोक्यात, आणि फोन ठेवत असे. पण फोन रोज होत होता, एवढं होतं.

मग संक्रांत झाली, तिळगूळ संपला आणि बाजार कोसळला.

मी शाळेतून येताना सहज साठ्यांकडे चढले, तर जिन्यावर माणसं उभी. वर सगळे पडद्याकडे बघत होते आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल होता. साठे फोन उचलून 'हो, हो' म्हणत होते आणि ठेवत होते. म्हणाले, बाहेरच्या देशांत गडबड झालीय, परदेशी लोक विकून निघालेत. निघालेत! एवढे घरचे झालेले लोक, आणि निघताना 'येतो' म्हणायची रीत नाही. मी खुर्चीचा हात धरला. यात आता आपलं काहीच नाही, आपण सुटलो, हे कळायला मला थोडा वेळ लागला. तिथे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बघून हसावंसं वाटलं नाही. गणिताचे सर कोपऱ्यात होते. त्यांच्या जागी मी असते. माझं घर पायापासून गेलं असतं.

मी खाली उतरले आणि चपलांच्या दुकानातून एक जोड घेतला, कारण काहीतरी घ्यावंसं वाटत होतं आणि शेअर घ्यायची हिंमत नव्हती. नव्या चपला घालून थेट स्टँडवर गेले आणि माहेरची गाडी पकडली. दादा शेडमध्ये बॉयलर साफ करत होता. हात काळे, कपाळ काळं. त्याला बातमी आधीच कळली होती.

"वाचलीस गो," तो म्हणाला.

मला खूप काही म्हणायचं होतं. वाचवलंस, असं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, चहा टाक वहिनी, साखर घालून टाक. वहिनीनं आल्याचा चहा केला, आणि सोबत दिलं काय, तर गराचा डबा फोडून आंब्याची वडी. तिघं बसून आम्ही ती सगळी संपवली. इतकं हलकं मला परीक्षा संपल्यावर शाळेतसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

पुढची हकिकत सरळ आहे. परदेशी लोक डॉलर घेऊन जात राहिले, तसा रुपया खचत गेला. दादानं हंगाम केला, गर काढायला सगळ्या बायका आल्या. सौदा ठरला तेव्हा डॉलरचे चाळीस रुपये होते, दिवाळीला पैसे आले तेव्हा पन्नासच्या घरात गेले होते. रुपया पडल्याची बातमी दादा मला शाळेत फोन करून देत असे आणि मी वर्गाबाहेर उभी राहून आनंदानं ओरडत असे. (मुख्याध्यापकांनी माझी आशा तेव्हाच सोडली.)

यात एक अनर्थ मात्र झाला. गावात माझं नाव झालं. ऐन तेजीत सगळं विकून मोकळी झालेली रत्नागिरीतली एकमेव बाई, अशी माझी ख्याती पसरली. साठे मला खुर्ची द्यायला लागले. 'देवदिवाळी' हा शेअर बाजारातला काहीतरी गूढ शब्द असावा, असं त्यांच्याकडे येणारे चार-दोन लोक मानायला लागले. मी खुलासा करायचं टाळलं. आणि दोन हजार नऊच्या मार्चमध्ये महिला दिनाला एका महिला मंडळानं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय होता 'रुपया, परदेशी गुंतवणूक आणि आपला शेअर बाजार'.

मी गेले. नवी साडी नेसून, मुद्दे पाठ करून. हे, दादा, वहिनी मागच्या रांगेत. डॉलर कसे येतात, रुपया का चढतो, शेअर का चढतात, ते निघाले की सगळं कसं उतरतं, हे मी अगदी साठ्यांच्या थाटात सांगितलं. टाळ्या झाल्या, बटाटेवडे आले. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक तरुण मुलगी उभी राहिली. "मॅडम, ते सगळं कळलं. पण विकायची वेळ आलीय, हे नेमकं ओळखायचं कसं?"

याचा मुद्दा मी पाठ केला नव्हता. सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी खरं ते सांगून टाकलं. "मला नाही हो ओळखता येत. माझा भाऊ आंब्याचा निर्यातदार आहे. तो जेवेनासा झाला, म्हणून मी विकले."

सगळ्या बायकांनी खाली माना घालून ते लिहून घेतलं. ती मुलगी उभीच होती. "आणि घ्यायचे कधी?"

मी मागच्या रांगेकडे पाहिलं. दादानं स्वतःची बशी संपवली होती आणि तो ह्यांच्या बशीतला वडा उचलत होता. तोंडभर हसत, गालाला चटणी. आयुष्यात एवढं भुकेलेलं मी त्याला पाहिलं नव्हतं.

"आत्ता घ्यायला हरकत नाही," मी म्हटलं, आणि सभा संपली.

त्या मंडळातल्या बऱ्याच बायकांनी म्हणे दुसऱ्याच दिवशी शेअर घेतले. परदेशी पैसा परतला, वर्ष-दीड वर्षात बाजार दुपटीच्या वर गेला, आणि त्या अजून मला रस्त्यात थांबवून हात हातात घेऊन आभार मानतात. मी फक्त हसते. कारण अख्ख्या सभागृहात माझ्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारी बाई एकच होती, आणि ती व्यासपीठावर उभी होती.